दिवसभर राबतेच की मी, मग वेगळा व्यायाम कशाला?

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधल्या पंचेचाळीस-पन्नाशीच्या बहिणी माझ्याकडे येतात तेव्हा विषय भलताच असतो, झोप लागत नाही, चिडचिड होते, प्रार्थनेत मन लागत नाही. बोलता बोलता शरीराचा विषय निघाला की बहुतेकींचं एकच म्हणणं, "व्यायामाला वेळ देणं म्हणजे देहाचे लाडच ना हो? तेवढ्यात बायबलचे दोन अध्याय वाचून झाले असते." एका ताईंची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

ताई नगरकडच्या, वय 49, शाळेत शिक्षिका. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, शिवाय महिला मंडळाचं काम आणि रविवारी संडे स्कूल. आल्या त्या "माझा विश्वास थंड पडलाय" हे सांगायला. पहाटेची प्रार्थना सुटली होती कारण गुडघे टेकले की उठताच येत नव्हतं, मग पलंगावर बसून प्रार्थना करायच्या आणि आमेनच्या आधीच डोळा लागायचा. प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, सगळे वेदीपाशी गुडघे टेकतात तिथे ह्या एकट्या उभ्या, त्याची इतकी लाज वाटायला लागली की प्रभुभोजनाच्या रविवारी काहीतरी कारण काढून घरीच थांबायला लागल्या.

मी त्यांना म्हटलं, ताई, हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून दाखवा बरं. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा हात आपोआप गुडघ्यांवर गेले, चौथ्यांदा पदर सावरत टेबल धरलं आणि मग तशाच बसून राहिल्या, डोळे भरून आले. म्हणाल्या, "माझी आई सत्तरीत अशी उठायची हो."

विश्वासाबद्दल बोलण्याआधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. पाळी अनियमित, कधी खूप जास्त, त्यामुळे हिमोग्लोबिन बरंच खाली, बी12 पण कमी, गुडघ्यांची झीज नुकती सुरू झालेली. वर्षभर ज्याला त्या आत्मिक थंडपणा समजत होत्या त्यातला मोठा भाग हा होता! औषधं सुरू झाली आणि डॉक्टरांनी चालायला आणि मांड्यांचे स्नायू मजबूत करायला सांगितलं, कारण मांडीत जोर आला की गुडघ्यावरचा ताण कमी होतो. गुडघा दुखतो म्हणून बसून राहिलं की तो अजून आखडतो, हे आपल्या बायकांना कोणी नीट सांगतच नाही.

तरी त्यांचा प्रश्न होताच, दिवसभर राबते ते काय कमी आहे? अजिबात कमी नाही. आणि दम लागेल असं घरकाम शरीराच्या हालचालीत धरलं जातंच. पण ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहणं, वाकून सासूबाईंना उचलणं, यात कंबर भरून येते, हृदयाला सलग काम मिळत नाही आणि सगळ्या स्नायूंना ताकदही येत नाही. पाळी जायच्या आसपास इस्ट्रोजेन कमी होतं, हाडं झपाट्याने विरळ व्हायला लागतात, स्नायूही कमी होत जातात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला निदान 150 मिनिटं दम लागेल पण बोलता येईल इतपत हालचाल सांगते, आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम.

मग वचनाकडे आलो. त्या प्रेषित पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं 4:8 घेऊनच आल्या होत्या, शारीरिक कसरत थोडक्यापुरती उपयोगी, सुभक्ती सगळ्या बाबतीत. मी म्हटलं बरोबर, पौल सुभक्तीला वरचं स्थान देतोय, पण थोडक्यापुरता का होईना उपयोग आहे हे तोच सांगतोय ना, आणि करिंथकरांना तर तो म्हणतो की तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, तुम्ही स्वतःचे मालक नाही. मग ते झिजू देण्याचा हक्क तरी आपल्याला कुठे आहे? पण ताईंना जे खरं भिडलं ते एलीया संदेष्ट्याचं. पहिल्या राजांच्या 19व्या अध्यायात तो झुडपाखाली पडून मरण मागतोय आणि देव त्याला विश्वास कमी पडला म्हणून रागवत नाही, झोपू देतो, दूत येऊन भाकर-पाणी देतो, परत झोपू देतो, परत खाऊ घालतो, आणि मग होरेब डोंगरापर्यंतची चाळीस दिवसांची वाट चालायला लावतो. देवाशी बोलणं त्यानंतर. ताई बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

आपल्या पंडिता रमाबाईच बघा ना, चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या तेव्हा 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेच्या जोडीने शेती, विणकाम, छापखाना सगळं बायकांच्या हातांनी चालायचं. अंग मोडून काम आणि भक्ती यांची तिथे फारकत नव्हती.

कॉलनीत योगाचा क्लास होता पण ओंकार, सूर्यनमस्कार त्यांच्या मनाला पटत नव्हते. काही बहिणी निर्धास्त जातात, काहींना टोचतं. मी जबरदस्ती करत नाही, ज्याच्या त्याच्या विवेकाचा मान ठेवावा हे रोमकरांस 14 मध्ये आहेच. चालायला कुठला क्लास लागतो?

खरी अडचण वेळेची होती. ताई बाहेर पडल्या तर सासूबाईंजवळ कोण? मी त्यांच्या मिस्टरांनाही बोलावलं, भला माणूस, फक्त हे कधी लक्षातच आलं नव्हतं. संध्याकाळी अर्धा तास ते आईजवळ बसायला लागले. मला इथे स्पष्ट बोलायचंय, आपल्या मंडळ्यांमधून बायकांना त्यागाचे संदेश भरपूर मिळतात, पुरुषांना 'एकमेकांची ओझी वाहा' हे घरच्या कामाबद्दल क्वचितच सांगितलं जातं.

सुरुवात दहा मिनिटांच्या चालण्याने, साडीवरच पण चांगले बूट घालून. घरी खुर्चीतून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. वजन फारसं उतरलं नाही, अंगातून वाफा निघणं अजून आहेच, पण झोप सुधारली आणि हल्ली बाकाला एक हात लावून का होईना प्रभुभोजनाला गुडघे टेकतात. कॉटेज मीटिंगला, म्हणजे कोणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला, रिक्षाऐवजी चालत जाणाऱ्या अजून दोघी त्यांना मिळाल्यात.

आता त्यांनी विचारलंय की उपवास प्रार्थनेच्या दिवशी चालायचं का. मी सांगितलंय की हिमोग्लोबिन नीट वर येईपर्यंत उपवास धरायचा की नाही हेच आधी डॉक्टरांना विचारा, धरलाच तर त्या दिवशी रमतगमत थोडंसं चालणं, ताकदीचा व्यायाम नको आणि चक्कर आली तर लगेच थांबायचं. मंडळातल्या ज्या बहिणी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरूच नये, आणि हे पुढच्या मीटिंगमध्ये मोठ्याने सांगायचं ताईंनी स्वतःहून कबूल केलंय.