झॉर्नच्या रेषा आणि शंभराची नोट

प्रश्न : मी गोदाघाटावर जलरंगात चित्रं करते. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झॉर्न याचं जलरंगातलं पाणी पाहून थक्क झाले. त्याची एचिंग्ज, म्हणजे अ‍ॅसिडने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छापलेली चित्रं, मात्र घाईत मारलेल्या रेघोट्यांसारखी वाटली. एवढा रंगांचा माणूस काळ्या रेषांकडे का वळला असेल?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : रंग सोडून तो रेषांकडे वळला, असं झालंच नाही. १८६० साली मोरा गावी, आजोळच्या शेतावर जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी स्टॉकहोमच्या कला अकादमीत गेला, जलरंगांवर नाव कमावलं आणि १८८२ मध्ये लंडनला आक्सेल हेग या देशबांधवाकडून एचिंग शिकला. तैलरंग त्याने मनावर घेतले ते त्यानंतर पाच-सहा वर्षांनी. पुढे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची व्यक्तिचित्रं केली, तरी तांब्याची प्लेट सुटली नाही. एचिंग्ज जवळपास २९० भरतात.

आता त्या रेघोट्या. शंभराची नोट घ्या आणि गांधीजींच्या चेहऱ्यावरून बोट फिरवा. शाई उठून लागते. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसला हे छपाईतंत्र नवं नाही : प्लेटवरच्या खोल रेषेत शाई भरायची, पृष्ठभाग पुसून घ्यायचा आणि दाब देऊन ती कागदावर ओढून घ्यायची. एचिंगमध्ये ही खोली अ‍ॅसिड करतं. आपण फक्त मेणाच्या लेपावर सुईने ओरखडे काढायचे. सुई अडत नाही, म्हणून हात पेन्सिलीइतका मोकळा चालतो.

पण नोटेवरच्या रेषा गालाच्या गोलाईबरोबर वळतात, झॉर्नच्या तशा वळत नाहीत. फ्रेंच विचारवंत अर्नेस्ट रेनाँ याचं १८९२ चं एचिंग मोठं करून पाहा. अभ्यासिकेत बसलेला थकलेला, स्थूल विद्वान; त्याच वर्षी तो वारला. तिरक्या रेषांचा मारा कोट, पुस्तकं, भिंत यांची हद्द न जुमानता जातो. बाह्यरेषा जवळजवळ नाहीच. जिथे रेषा विरळ होतात तिथे कपाळ उजळतं. हे रंगवणाऱ्याचंच डोकं आहे, आणि मला तरी त्याच्या गाजलेल्या तैलचित्रांहून हा कागद मोठा वाटतो.

तुम्ही जलरंगात पांढरा कागद राखताच. रामकुंडाच्या पायऱ्या एकदा बारीक पेनाने, कडा न काढता, एकाच दिशेच्या रेषांनी फक्त सावली भरून करा. जमू लागलं की प्लेट घ्या. अ‍ॅसिड हाताळताना मात्र जाणकार माणूस शेजारी हवाच.