क्रेझी क्विल्टच्या जोडांवर कोणते टाके घालावेत?

जुन्या इरकली आणि रेशमी तुकड्यांचे जोड कोणत्या टाक्यांनी झाकावेत, असे आपण विचारले आहे. आपल्या वाकळीत धावदोरा सर्व थर एकत्र धरतो. क्रेझी क्विल्टमध्ये मात्र वेड्यावाकड्या आकारांचे तुकडे अस्तरावर आधीच शिवलेले असतात आणि भरतकाम मुख्यतः शोभेसाठी, त्या जोडांवरून केले जाते. अमेरिकेत 1880 च्या दशकात ही पद्धत विशेष लोकप्रिय होती.

माझ्या मते सुरुवात फेदर टाक्याने करावी, कारण त्याच्या फांद्या आळीपाळीने जोडाच्या दोन्ही बाजूंना पसरतात आणि शिवण किंचित वाकडी असली तरी ती सहज झाकली जाते. सरळ जोडावर हेरिंगबोन (एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या टाक्यांची ओळ) किंवा काजटाका शोभतो. फांद्यांच्या टोकांना फ्रेंच नॉट (सुईला दोरा गुंडाळून केलेली छोटी गाठ) आणि मोकळ्या जागेत लेझी डेझीची (सुट्या साखळी टाक्यांच्या पाकळ्यांची) फुले घालावीत. सहापदरी दोऱ्याचे दोन किंवा तीन पदर पुरतात.

सोलापुरात जाड चादरीचे कापड सहज मिळते, पण ते अस्तराला घेऊ नये. त्यातून सुई ओढताना हात दुखतो आणि नाजूक रेशीम चुरगळते. धुऊन आटवलेले मांजरपाट उत्तम.