फॉर्मवरचं 'धर्म नाही' आणि बेकरीतला रविवार

ताई, मी 23 वर्षांची, वसईकडची कॅथलिक. ड्रेस्डेनला एमएस्सी करते. आल्याआल्या पत्ता नोंदवायला गेले तेव्हा सीनियर मुलांनी सांगितलं, धर्माच्या रकान्यात 'नाही' लिही, नाहीतर चर्चचा कर कापतात. मी लिहिलं. आता कुणी म्हणतं, तू कागदोपत्री धर्म सोडलास, लग्नाच्या वेळी फादर विचारतील. रविवारी सकाळी साडेसहा ते बारा बेकरीत शिफ्ट असते, चर्चमधली मिस्सा (रविवारची उपासना) चुकते. आई दर रविवारी फोनवर विचारते आणि मी 'जाऊन आले' म्हणते. सुरुवातीला दोनतीनदा फ्राउएनकिर्शेत गेले, मातेचं चर्च समजून. तिथली भाकर आणि द्राक्षारसही घेतला. मग कळलं की ते प्रोटेस्टंट आहे. जर्मन मिस्सेतलं काही कळत नाही. रूममेट विचारते, "हे सगळं तू खरंच मानतेस?" आणि आपली मराठी मुलं विचारतात, "तू ख्रिश्चन, मग मराठी कशी?" नाताळात दुकानं बंद, मैत्रिणी गावाला. एकटीनं मॅगी खाल्ली. मी आता कसली ख्रिस्ती?
– बेकरीवाली

अगं बेकरीवाली,

आधी त्या फॉर्मचं बघू, कारण बाकीच्या सगळ्या काळज्यांना तिथून खतपाणी मिळतंय.

तू धर्म सोडलेला नाहीस. जर्मनीत चर्च सोडणं ही वेगळी, रीतसर प्रक्रिया आहे. सॅक्सनीत, म्हणजे तुझ्या ड्रेस्डेनच्या राज्यात, त्यासाठी नागरी नोंदणी कार्यालयात स्वतः जाऊन, फी भरून, तसं जाहीर करावं लागतं. त्याचे परिणाम गंभीर आहेत: जर्मन बिशपांच्या 2012 च्या आदेशानुसार असा माणूस कन्फेशन (फादरपुढे पापांची कबुली) करू शकत नाही, कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) घेऊ शकत नाही, धर्ममाता-धर्मपिता होऊ शकत नाही. ती नोंद, जिथे बाप्तिस्मा झाला त्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) रजिस्टरपर्यंत पोहोचते, आणि लग्नाआधी फादर तेच रजिस्टर उघडतात. तुला घाबरवणाऱ्यांनी हे अर्धवट ऐकलेलं आहे. तू केलंस ते इतकंच, की एका सरकारी फॉर्मवर चुकीची माहिती दिलीस. ती दुरुस्त करता येते.

ज्या करापायी हे केलंस तो तुला आज लागूच नाही, ही यातली गंमत. चर्च कर पगारावर नसतो, आयकरावर असतो: बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्यांत आयकराच्या 8 टक्के, बाकी सगळीकडे 9. आयकर शून्य तर चर्च करही शून्य. 2026 मध्ये वर्षाला 12,348 युरोपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही. महिन्याला 603 युरोच्या आत कमावत असशील, म्हणजे तासाला 13.90 युरोच्या किमान वेतनानं साधारण 43 तास, तर तो मिनीजॉब. त्यावर बहुतेक मालक 2 टक्के ठोक कर स्वतःच भरतात आणि चर्च कर त्यातच धरलेला असतो. चर्च करापायी तुझ्या पगारपत्रकातून एक सेंटही जात नाही. पुढे पूर्ण वेळची नोकरी लागली आणि महिन्याचा आयकर 500 युरो झाला, तर ड्रेस्डेनमध्ये 45 युरो चर्च कर लागेल. तोही पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात उत्पन्नातून वजा दाखवता येतो. त्या वेळी तो जड वाटला तर विचार कर, पण उघड्या डोळ्यांनी, वर सांगितलेले परिणाम माहीत असताना.

'नाही' तसंच राहू दिलं तर कधी निस्तरावं लागतं? नोकरी लागल्यावर. बाप्तिस्मा झालेला कॅथलिक जर्मनीत राहायला आला की तो इथल्या चर्चचा सभासद धरला जातो, रकान्यात काहीही लिहिलेलं असो. ते उशिरा उघडकीला आलं की मागचा कर एकदम मागतात. बायर्न म्युनिककडून खेळलेल्या लुका टोनी या इटालियन फुटबॉलपटूच्या कागदांवर असंच 'धर्म नाही' लागलं होतं. मागाहून सुमारे 17 लाख युरोंची मागणी आली आणि प्रकरण कोर्टात गेलं. तुझा आकडा तेवढा नसेल, पण सीनियर मुलांना ही गोष्ट जरूर सांग.

करायचं काय, तर घरून बाप्तिस्म्याच्या दाखल्याची स्कॅन प्रत मागव. गावच्या चर्चच्या ऑफिसात अर्ज केला की नवा दाखला मिळतो. तो इंग्रजीत माग, मराठी दाखला इथे कुणाला वाचता येणार नाही. मग तुझ्या पत्त्याला जे कॅथलिक धर्मग्राम लागतं त्याच्या कार्यालयात जा. ही कार्यालयं आठवड्यातून काही ठरावीक तासच उघडी असतात, तेव्हा आधी ईमेल कर. सांग की पत्ता नोंदवताना चूक झाली, मी रोमन कॅथलिक आहे. नागरी कार्यालयाकडची दुरुस्ती कशी करायची ते तेच सांगतील. ओरडणार कुणी नाही. या भागात स्वतःहून नाव लिहायला येणारी माणसं विरळाच.

आता फ्राउएनकिर्शे. तुझ्यासारखे पुष्कळ जण फसतात, कारण नाव मातेचं आणि इमारत भव्य. पण ते लुथरन चर्च आहे. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात कोसळलं, 2005 मध्ये पुन्हा उभं राहिलं. कॅथलिक कॅथेड्रल तिथून चालत दहा मिनिटांच्या आत, राजवाड्याला लागून एल्बे नदीच्या काठी आहे: हॉफकिर्शे. पुढच्या वेळी आत शिरताना दाराशी पवित्र पाणी आहे का आणि वेदीजवळ लाल दिवा पेटलेला आहे का ते बघ. बाहेरच्या फलकावर 'हायलिगे मेस्से' किंवा 'ऑयखारिस्टीफायर' असेल तर मिस्सा. 'आबेंडमाल' असेल तर ते प्रोटेस्टंट. आणखी एक फसगत: कॅथलिक चर्चच्याच फलकावर 'व्होर्ट-गॉट्टेस-फायर' असेल तर धर्मगुरू नसताना होणारी ती प्रार्थना असते, मिस्सा नव्हे.

तिथली भाकर घेतलीस ती न कळत घेतलीस. कॅथलिक नियमानं एरवी ती घ्यायची नाही हे खरं, पण अजाणता झालेल्या गोष्टीचं पाप लागत नाही, हे तुला धर्मशिक्षणाच्या वर्गातच शिकवलं असणार. तरी टोचत असेल तर कन्फेशनमध्ये बोल. जर्मन येत नाही म्हणून ते टाळू नकोस. जर्मनीत भारतीय धर्मगुरू बरेच आहेत, बहुतेक केरळचे. ते नाही भेटले तरी इंग्रजीत ऐकणारे फादर कुठे आहेत ते कॅथेड्रलच्या कार्यालयात एका ईमेलनं कळेल. मिस्सा चुकल्याचं तिथेच सांग. त्याचा हिशेब करणं फादरचं काम, माझं नाही.

मिस्सेचं मात्र स्पष्ट बोलते. बाराला सुटणारी शिफ्ट मिस्सेच्या आड येत नाही. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणूनच धरतात आणि रविवारी संध्याकाळचीही शहरात कुठे ना कुठे असते. आड येतंय ते हे, की तिथे जाऊन मख्खासारखं बसावं लागतं. त्यावर उपाय आहे. कॅथलिक मिस्सेची वाचनं जगभर सारखीच असतात, तीन वर्षांच्या फेऱ्यानं. म्हणजे तुझी आई वसईत जे शुभवर्तमान मराठीत ऐकते तेच तू ड्रेस्डेनमध्ये जर्मनमध्ये ऐकतेस. शनिवारी आईला त्या रविवारचे अध्याय-ओव्या विचार, मराठी बायबलमध्ये चारही वाच: पहिलं वाचन, स्तोत्र, दुसरं वाचन, शुभवर्तमान. दहा-पंधरा मिनिटं लागतात. मग मिस्सेत नावं कानावर पडली की धागा सापडतो. आत जाताना दाराशी ठेवलेलं गीतांचं पुस्तक उचल. भिंतीवरच्या फलकावर जो आकडा दिसतो तो त्या पुस्तकातला गीताचा क्रमांक. मिस्सेत लोकांनी म्हणायच्या उत्तरांपैकी आधी दोनच पाठ कर: 'उंड मिट डाइनेम गाइस्टे' आणि 'फाटर उन्झर', म्हणजे आपलं 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. बाकीची हळूहळू येतील. हिवाळ्यात कोट काढू नकोस, कुणीच काढत नाही.

मिस्सा संपल्यावर लोक तडक निघून जातात, यानं आपल्याला गार वाटतं. वसईत चर्चबाहेर अर्धा तास गप्पा होतात, तशी इथे सवय नाही. म्हणून ओळखीसाठी विद्यार्थ्यांच्या कॅथलिक समुदायात जा. पूर्व जर्मनीत त्याला केएसजी म्हणतात, पश्चिमेकडे बहुतेक ठिकाणी केएचजी. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरलेली असते: मिस्सा, एकत्र जेवण, मग एखादा विषय. पहिल्याच दिवशी काम माग. भांडी घासायला किंवा खुर्च्या लावायला उभी राहिलीस की जर्मन माणूस बोलायला लागतो, नुसतं हसून बोलत नाही. पैशाची खरी अडचण आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी मदतनिधी असतात, त्यांची चौकशीही तिथेच करायची.

बेकरीतही तोंड उघड. जर्मन कायद्यानं रविवारी काम करणाऱ्याला वर्षात किमान 15 रविवार सुट्टी द्यावी लागते. वेळापत्रक लागायच्या तीन आठवडे आधी लेखी कळव की महिन्यातले अमुक दोन रविवार मला नकोत. बदल्यात शनिवार घे. ऐनवेळी सांगितलंस तर नकार येईल, आणि तो रास्तच असेल.

आईला खरं सांग. एका फोनमध्ये, पुढच्या रविवारची वाट न बघता: "आई, गेले काही महिने मी मिस्सेला गेले नाही, तुला खोटं सांगितलं, आता शनिवारी संध्याकाळी जाणार आहे." यापेक्षा लांबण लावू नकोस. ती रडेल, कदाचित दोन दिवस धुसफुसेल. पण मिस्सा चुकल्यापेक्षा तिला खोट्याचंच जास्त लागेल, आणि ते जितकं लांबेल तितकं वाढेल. मग तिला काहीतरी ठोस दे: आठवड्यातून दोनदा घरच्या रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) व्हिडिओवर बस. वसईत संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा तुझ्याकडे हिवाळ्यात तीन आणि उन्हाळ्यात चार. लेक्चर नसेल ते दिवस निवड. रोझरीतलं एक रहस्य, म्हणजे एक भाग, तुझ्या वाट्याला माग, म्हणजे फोन बाजूला ठेवून स्वयंपाक करत बसणार नाहीस.

रूममेटचं फार मनावर घेऊ नकोस. सॅक्सनीत चर्चशी संबंध असलेली माणसं कमी. पूर्व जर्मनीच्या राजवटीत दोन पिढ्या चर्चविना वाढल्या. बऱ्याच घरांत चौदाव्या वर्षी धार्मिक विधीऐवजी युगेंडवायहे नावाचा निधर्मी समारंभ होतो. तुझा झाला होता का, कसा झाला, ते तिला विचार. ती तुझी परीक्षा घेत नसते, तिनं श्रद्धाळू माणूस जवळून पाहिलेला नसतो. "हो, मानते. काही दिवस जड जातं," एवढं उत्तर पुरे.

मराठी मुलांसाठी एक तारीख पाठ करून ठेव. हॉफकिर्शेचं बांधकाम 1739 मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. तोवर तुझ्या गावाकडे ख्रिस्ती माणसं दीडशेहून जास्त वर्षं शेती करत होती, आणि पोर्तुगीज गेल्यावरही ती तिथेच राहिली, आपल्याच बोलीत बोलत. 'मराठी कशी' विचारणाऱ्याला हेच सांग आणि गणपतीत मोदक खायला जा. त्यात तुझं काही बिघडत नाही. आरतीला उभं राहायचं की नाही ते तुझं तू ठरव, पण मंडळाला टाळू नकोस.

नाताळाला यंदा मॅगी नको. 24 डिसेंबरला दुपारी दोनच्या सुमारास दुकानं बंद होतात, मग 25 आणि 26 ला सुट्टी. खरेदी 23 लाच उरक. केएसजीत नोव्हेंबरातच विचारून ठेव, सुट्टीत इथेच राहणारे कोण कोण आहेत. तुझ्यासारखी चारपाच तरी निघतील, आणि एकाकडे तरी ओव्हन असतो.

एक शेवटचं सुचवते. ड्रेस्डेनहून गाडीनं तासाभरावर बाउत्झेन आहे. त्या भागात सोर्ब लोक राहतात: छोटी स्लाव्ह भाषा बोलणारे, त्यातले कॅथलिक आजूबाजूच्या आधी प्रोटेस्टंट आणि आता निधर्मी मुलुखात शतकानुशतकं टिकून आहेत. घरात वसईची कादोडी बोली आणि चर्चमध्ये मराठी ऐकत वाढलेल्या मुलीला ते परके वाटू नयेत. ईस्टरच्या रविवारी त्यांचे पुरुष काळा कोट आणि उंच हॅट घालून, सजवलेल्या घोड्यांवरून, गीतं गात पुनरुत्थानाची वार्ता शेजारच्या गावी नेतात. बाउत्झेनचं सेंट पीटर चर्चही बघ. एकाच छपराखाली कॅथलिक आणि लुथरन, मधे फक्त कठडा. इथे कुठल्या बाजूला बसतेस ते आधी बघून घे. पुढचा ईस्टर 28 मार्च 2027 ला आहे, म्हणजे बेकरीत सुट्टी मार्चच्या पहिल्या आठवड्यातच माग. त्याच पहाटे घड्याळ एक तास पुढे जातं. फोन आपोआप बदलतो, भिंतीवरचं घड्याळ नाही. गाडी चुकवू नकोस.

– ताई