बर्लिनचा डिसेंबर आणि दुपारचे बारा

प्रिय,

तुझा मेसेज आला तेव्हा तुझ्याकडे पहाटेचे तीन वाजले होते. त्यातल्या प्रश्नांपेक्षा ती वेळच मला जास्त खटकली. नाताळच्या सुट्टीत घरी जाऊ, बर्लिनमध्येच राहू, की गोदामात काम धरून पैसे जमवू, असं तू विचारतेस. तिन्हींबद्दल लिहिते, पण आधी हे ऐक: बर्लिनमध्ये असेपर्यंत रोज दुपारी बाराच्या आत घराबाहेर पडायचं. पाऊस असो, चिखल असो, कंटाळा असो.

डिसेंबरच्या शेवटी तिथे सव्वाआठच्या सुमाराला उजाडतं आणि चारच्या आत सूर्य मावळतो. लेक्चर बंद झाली की उठायला कारण उरत नाही. मग रात्री उशिरापर्यंत जागायचं, आई उठली की तिच्याशी बोलायचं (तिकडे पहाटेचे दोन म्हणजे आपल्याकडे साडेसहा), चारला झोपायचं आणि एकला उठायचं. अंघोळ-जेवण होईतो अंधार. असं आठवडाभर चाललं की भूक, झोप आणि मन तिन्ही बिघडतात, आणि आपल्याला वाटतं की घरच्या आठवणीनं असं होतंय. आठवण येतेच गं, पण निम्मा दोष उजेडाचा असतो. शरीराचं घड्याळ लागतं ते सकाळच्या उजेडावर. खोलीतल्या दिव्याखाली जेमतेम दोन-तीनशे लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) मिळतात. बाहेर दाट ढग असले तरी दुपारी सहसा हजाराच्या वर असतात. त्या उन्हातून ड जीवनसत्त्व मात्र मिळत नाही, सूर्य फार खाली असतो. त्याचं डॉक्टरांना वेगळं विचार.

म्हणून आईला फोन सकाळी नऊला कर. तिच्याकडे दीड वाजलेला असेल, जेवणं उरकलेली असतील. आणि बोलायचं ते चालता चालता. टेम्पेलहोफच्या जुन्या विमानतळावर जा. धावपट्टी मोकळी, आभाळ मोकळं, पैसे लागत नाहीत. फाटकं सूर्यास्ताला बंद होतात, म्हणजे तिथे जायचं तर दिवसाच जावं लागतं. मला ती जागा आवडते ती त्यासाठीच.

आता घरी जाण्याचं. एवढ्यात तिकीट महाग झालेलं असणार, आणि फेब्रुवारीत परीक्षा आहेत. तरीही जायचंच असेल तर आधी रेसिडेन्स कार्डावरची तारीख बघ. मुदत संपत आली असेल आणि हातात फक्त फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग (अर्जाचा निकाल लागेपर्यंत मिळणारा तात्पुरता कागद) असेल, तर त्यावर तिथल्या निवास कायद्याच्या कलम 81 चा कोणता परिच्छेद लिहिलाय ते वाच. परिच्छेद 4 असेल तर जर्मनीत परत येता येतं. परिच्छेद 3 असेल तर त्या कागदावर परत येता येत नाही. हे दिल्लीच्या किंवा मुंबईच्या विमानतळावर कळून उपयोग नाही.

काम करायचं तर जरूर कर. मार्च 2024 पासून वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस चालतात. चार तासांपर्यंतचा तो अर्धा दिवस. हिशेब स्वतः लिहून ठेव, मालक ठेवणार नाही. फक्त रात्रपाळी घेऊ नकोस. पैसे थोडे जास्त मिळतात, पण सकाळी सहाला येऊन झोपलीस की दिवसाचा सगळा उजेड गेला. पुन्हा तेच सांगतेय, कारण तू याला बारीकसारीक गोष्ट समजशील. ती बारीक नाही.

राहणार असशील तर बंद दिवसांची तयारी कर. 2026 मध्ये 24 डिसेंबर गुरुवारी आहे. दुकानं दुपारी दोनला बंद होतील. 25 आणि 26 सुट्टी, 27 ला रविवार. थेट सोमवारी सकाळी उघडतील. 22 तारखेलाच सामान भर: किलोभर तांदूळ, अर्धा किलो तूरडाळ, दोन लिटर दूध, दहा अंडी, कांदे-बटाटे, पाव. 24 ला सकाळी गेलीस तर रांगेतच तास जाईल. काही राहिलंच तर मुख्य स्टेशनातली दुकानं बघ, आणि कोपऱ्यावरची श्पेटी, म्हणजे उशिरापर्यंत उघडं असणारं छोटं दुकान, असतेच. नेहमीचं औषध असेल तर 18 तारखेपर्यंत चिठ्ठी घेऊन ठेव, नंतर बरेच दवाखाने नव्या वर्षापर्यंत बंद. सुट्टीत आजारी पडलीस तर 116117, जिवावरचं असेल तर 112.

हीटर पूर्ण बंद करू नकोस. तीनचा आकडा म्हणजे साधारण वीस अंश. बाहेर जाताना दोनवर आण. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवण्यापेक्षा दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं सताड उघड. ओले कपडे खोलीत वाळवून हवा कोंडलीस तर कोपऱ्यात बुरशी येते आणि तिचा खर्च डिपॉझिटमधून कापला जातो. सकाळची खिडकी उघडलीस की तशीच बूट घाल आणि नीघ.

वर्गातल्या कुणी 24 च्या संध्याकाळी घरी बोलावलं तर नाही म्हणू नकोस. तीच त्यांची घरची मुख्य संध्याकाळ असते, उगाच कुणाला बोलावत नाहीत. वेळेवर जा, हातात काहीतरी ने. चिवडा केलास तर उत्तम. शाकाहारी आहेस हे आठवडाभर आधी कळव, कारण अनेक घरी त्या रात्री सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड असतं, आणि काही पद्धतींत सॅलडमध्येही मांसाचा रस्सा घालतात.

31 च्या रात्री रस्त्यावर रॉकेटं माणसांच्या उंचीनं उडतात. मैत्रिणीकडे जायचं तर अंधार पडायच्या आत पोच आणि तिथेच झोप. 1 तारखेलाही बाराच्या आत बाहेर. त्या दिवशी फुटपाथवर फुटक्या बाटल्या असतात, जाड तळाचे बूट घाल.

आणि हे सगळं करूनही दोन आठवडे उठवेनासं झालं, जेवण नकोसं वाटलं, तर ते आळसावर ढकलू नकोस. 0800 1110111 हा मन मोकळं करायचा मदतीचा नंबर रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, नावही विचारत नाहीत. तिकडे बहुतेक जर्मनच बोलतात. तुझी मोडकी जर्मन त्यांना पुरेल. जानेवारीत विद्यापीठ उघडलं की समुपदेशकाची वेळ पहिल्याच दिवशी माग. शक्यतो सकाळची.

तुझी,
ताई