बीजिंग ते शांघाय: विमान की रेल्वे?

विमानाचे सव्वादोन तास बघून लगेच तिकीट काढू नका. हवाई अंतर साधारण १,१०० किलोमीटर, पण विमानतळ गाठणं, तपासणी, सामान यांत आणखी तीन तास सहज जातात. त्यापेक्षा २०११ पासून धावणारी वेगवान रेल्वे बघा: १,३१८ किलोमीटर, जलद गाडीला साडेचार तासांच्या आसपास. पासपोर्ट मात्र हाताशी ठेवा, तिकीट त्याच्यावरच निघतं.

विमानच हवं असेल तर शांघायला हाँगछ्याओ विमानतळावर उतरा. दुसरा विमानतळ, पुडोंग, शहरापासून लांब पडतो. स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीवालाच घेऊन जातो. पुढचं परदेशी विमान पुडोंगहून असेल तर गोष्ट वेगळी. बीजिंगलाही दोन मोठे विमानतळ आहेत, तेव्हा दाशिंग की कॅपिटल, हे तिकिटावर नीट वाचा.