मुलीला अ‍ॅक्टिंग करायचीय आणि एजन्सीने पोर्टफोलिओचे पैसे मागितलेत – आमचा सिडनीचा अनुभव

दादा, तुमच्या सतरा वर्षांच्या मुलीला एजन्सीने पोर्टफोलिओचे, म्हणजे तिच्या फोटोंच्या संचाचे, पैसे मागितल्याची तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. मॉलमधला स्टॉल, "हिचा चेहरा काहीतरी वेगळाच आहे हो" असं म्हणणारी गोड मुलगी, दोन दिवसांनी सिलेक्ट झाल्याचा फोन, मग २,२०० डॉलरचं पोर्टफोलिओ पॅकेज आणि शनिवारपर्यंत सही करा नाहीतर जागा जाईल. मॉल तेवढा वेगळा, बाकी सगळं आमचंच.

अ‍ॅक्टिंग करू द्यावी का, लॉची सीट सोडावी का, यावर वर बऱ्याच जणांनी लिहिलंय, मी त्यात पडत नाही. तुमची मुलगी, तुमचं घर. मी फक्त सहीबद्दल लिहिते, कारण ती चूक मी स्वतःच्या हाताने केलीय.

आमची पोरगी तेव्हा सोळा वर्षांची, २०१५ची गोष्ट. मंडळाच्या गणपतीत एकांकिका केली होती, लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यामुळे आम्ही दोघंही जरा हवेतच होतो. त्या ऑफिसात भिंतभर फ्रेम केलेले फोटो, आणि मला आजपर्यंत कळलेलं नाही की त्यातल्या किती जणांना कधी काम मिळालं. मॉलचं फुकट पार्किंग तीन तासांचं, अडीच तास होऊन गेलेले, नवरा सारखा घड्याळ बघतोय, आणि मी पालक म्हणून आठ पानांच्या करारावर पान न उलटता सही करून मोकळी झाले. तिकडे भारतात रिक्षावाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारी बाई मी!

पैसे गेले त्याचं एवढं नाही. फोटोंची गंमत सांगते. शूटला तीन ड्रेस, फॅन लावून उडवलेले केस, आणि हातात आले वीस फोटो, त्यात तिच्या गालावरचा तीळच गायब! गोरी पण केलेली. पुढे एका जाहिरातीच्या ऑडिशनला गेली तर तिथल्या बाईंनी एकदा फोटो बघितला, एकदा पोरीकडे बघितलं आणि विचारलं, ही तूच का? हेडशॉट (ऑडिशनला द्यायचा चेहऱ्याचा फोटो) म्हणजे दारातून जी मुलगी आत येणार तीच फोटोत दिसली पाहिजे, एवढं साधं असतं. खिडकीजवळ उजेडात, साध्या टी-शर्टवर, मैत्रिणीने काढलेला फोटो सुरुवातीला चालतो. नंतर पैसे टाकायचेच तर फोटोग्राफर आपण शोधून टाकावेत, एजन्सीने सांगितलेल्याच माणसाकडे गेलात तर मधलं कमिशन कुणाचं ते तुम्हीच ओळखा.

खरा फटका बसला तो पाचव्या पानावर. करार एक्सक्लुझिव्ह (म्हणजे दुसऱ्या एजन्सीकडे जाता येत नाही), बारा महिन्यांचा, आणि मधेच सोडायचं असेल तर रिलीज फी. सहा महिन्यांत त्यांनी एकही ऑडिशन आणलं नाही (वरचं जाहिरातीचं पण शाळेतल्या टीचरमुळे मिळालं होतं). तेवढ्यात एका युथ थिएटरच्या नाटकात तिला एका खऱ्या एजंट बाईंनी पाहिलं, छोटी एजन्सी, मोजकीच मुलं घेणारी. त्या म्हणाल्या, तुझ्या वयाची, तुझ्यासारखी दिसणारी आत्ता माझ्याकडे कोणी नाही, जुन्या एजन्सीचं रिलीज लेटर घेऊन ये. जुनी एजन्सी म्हणे ६०० डॉलर भरा. नवरा तत्त्वाला पेटला, एक पैसा देणार नाही म्हणाला, मी म्हटलं तक्रार करू, आणि तिथून जे सुरू झालं ते सहा महिने चाललं.

इथे मला जरा बोलू द्या. न्यू साउथ वेल्समध्ये २०१३चा एंटरटेनमेंट इंडस्ट्री अ‍ॅक्ट आहे. कलाकाराचा प्रतिनिधी म्हणून काम करणाऱ्याला जॉइनिंग फी, ऑडिशन फी घेता येत नाही आणि कमिशनला साधारण १० टक्क्यांची मर्यादा आहे, मॅनेजरचा वेगळा करार असेल तर ती गोष्ट वेगळी. मी हे वाचून खूश, म्हटलं आता सापडले. पण आमच्या पावतीवर लिहिलं होतं "फोटोग्राफी सर्व्हिसेस". म्हणजे कागदावर आम्ही एजंटला पैसे दिलेच नव्हते, फोटो विकत घेतले होते! एका सरकारी ऑफिसने सांगितलं हा ग्राहक तक्रारीचा विषय, दुसरीकडे पाठवलं. दुसरे म्हणे फोटो मिळालेत ना, मग तक्रार कसली, कराराचं म्हणाल तर वकील करा. पुन्हा पहिल्याकडे फोन केला तर चाळीस मिनिटं ते म्युझिक, आणि शेवटी त्याच बाई, त्यांना आधीचा काही रेकॉर्डच सापडेना. प्रत्येक वेळी पहिल्यापासून गोष्ट सांगायची. ऑफिसातल्या लंच ब्रेकमध्ये गाडीत बसून हे फोन केलेत मी. करार आपोआप संपला तोपर्यंत त्या एजंट बाईंनी दुसरी मुलगी घेतली होती. त्यांची काही चूक नाही, त्यांनी दोन महिने वाट बघितली होती. ६०० डॉलर तोंडावर मारून मोकळं व्हायला हवं होतं, असं मला वाटतं, नवऱ्याला अजूनही वाटत नाही, आणि हा विषय आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर काढायचा नाही असं ठरलंय.

(मी वकील नाही, अकाउंट्सवाली आहे. नियम बदललेही असतील, आणि तुम्ही दुसऱ्या स्टेटमध्ये असाल तर हा कायदा तुम्हाला लागूच नाही. बघून घ्या.)

आता तुम्ही विचारलंय की मार्गो रॉबी पण अशीच कुणाला तरी कुठेतरी सापडली असेल ना. नाही हो. ती क्वीन्सलंडची, गोल्ड कोस्टला वाढलेली, मेलबर्नला स्वतः गेली, छोटी कामं केली, २००८ला 'नेबर्स' या ऑस्ट्रेलियन मालिकेत पाहुणी म्हणून घेतलं आणि मग रेग्युलर केलं. तिथे २०११पर्यंत रोजच्या मालिकेची हमाली. अमेरिकेला जायच्या आधी तिकडचे उच्चार घोटून घेतले, मग तिकडची एक टीव्ही मालिका, ती एका सीझनमध्ये बंद, आणि २०१३ला 'वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट'. लोकांना फक्त शेवटचं दिसतं. २०१४ला तिने जोडीदारांबरोबर स्वतःची निर्मिती कंपनी काढली, 'बार्बी' त्याच कंपनीच्या निर्मितीत आहे. नुसतं कुणाच्या फोनची वाट बघत बसली नाही, एवढंच माझं म्हणणं.

आणि ही तर लवकर पोचलेली. नेओमी वॉट्स बघा. १९९१ला 'होम अँड अवे' ही मालिका केली, 'मुलहॉलंड ड्राइव्ह' हा सिनेमा आला २००१ला, मधली दहा वर्षं ऑडिशन आणि नकार. जॅकी वीव्हर तर सत्तरच्या दशकापासून सिनेमात आणि पुढे कित्येक वर्षं रंगभूमीवर, सिडनीत लोक ओळखायचे, बाहेर कोणाला पत्ता नाही, २०१०च्या 'अ‍ॅनिमल किंगडम'नंतर ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं तेव्हा वय त्रेसष्ट. तुमची पोरगी सतरा वर्षांची आहे. शनिवारपर्यंत सही कशाला लागते?

शिक्षणाबद्दल पण एक वाक्य, कारण कोणीतरी वर लिहिलंय की नायडाशिवाय (सिडनीची नाट्यशाळा) काही होत नाही. केट ब्लँचेट १९९२ला तिथून पास झाली हे खरं, पण टोनी कोलेट, सिडनीतल्या आपल्या ब्लॅकटाउनची, तीच नायडा अर्धवट सोडून नाटकात काम करायला गेली आणि मग १९९४ला 'म्युरिएल्स वेडिंग'. ज्याच्या त्याच्या नशिबाने. त्यापेक्षा युथ थिएटरला घाला, निकोल किडमन पण लहानपणी तेच करत होती, आणि तिथे बघायला खरे एजंट येतात, आम्हालाही तिथेच भेटल्या होत्या.

आपल्या रंगाच्या मुलींना काम मिळतं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. पूर्वीपेक्षा मिळतं, पण मी गोड बोलणार नाही, आमच्या पोरीला पहिली चार वर्षं नर्स, डॉक्टर आणि दुकानातली मुलगी यापलीकडे बोलावणं आलं नाही. पल्लवी शारदा मेलबर्नची, तिथेच लॉ शिकली, मग मुंबईत जाऊन २०१३ला 'बेशरम'मध्ये रणबीरबरोबर हिरोईन, तो सिनेमा आपटला. शिवकर बापूजी तळपदेंवरच्या 'हवाईजादा'तही तीच होती, कितीजणांच्या लक्षात असेल कुणास ठाऊक. पण नंतर 'लायन'मध्ये दिसली आणि ऑस्ट्रेलियातल्या मालिकांमध्ये चांगली कामं करते आता. लॉची डिग्री फुकट गेली असं मला तरी वाटत नाही, निदान करार वाचता येत असेल.

आमच्यासारख्या पालकांनी लक्षात ठेवायची ओळख माझ्या मते एकच. खऱ्या एजंटला पैसे तुमच्या मुलीला काम मिळाल्यावर मिळतात, त्यामुळे तो मोजकीच मुलं घेतो आणि बहुतेकांना नाहीच म्हणतो. जो पहिल्या भेटीत हो म्हणतो आणि पाकीट उघडायला लावतो त्याचं पोट कामावर चालत नाही, स्टॉलवर चालतं. शंका असेल तर एमईएएला, म्हणजे कलाकारांच्या युनियनला, फोन करून विचारा. आणि मुलीला सेल्फ-टेप, म्हणजे घरीच स्वतःच्या ऑडिशनचा व्हिडिओ काढायला, शिकू दे, घरात एक पांढरी भिंत रिकामी करा, आमच्याकडे तिच्यासाठी हॉलमधला गणपतीचा फोटो हलवावा लागला आणि सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत.

तुम्ही अजून सही केली नसेल तर करू नका. केली असेल तर घाबरू नका, आधी करारात "एक्सक्लुझिव्ह" आणि "टर्मिनेशन" हे शब्द कुठे आहेत ते शोधा, पावतीवर नक्की काय लिहिलंय ते बघा, आणि त्या दोन ओळी नावं खोडून इथे टाका. मी रविवारी दुपारी मोकळी असते, बघून सांगते.