डग्गा घुमतो, शब्द विरतात

प्रश्न : आमचा हॉल १२ बाय १५ फुटांचा, खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी. छोटे बुकशेल्फ स्पीकर दोन कोपऱ्यांत, जमिनीवरच ठेवलेत. डग्गा नुसता घुमतो आणि गाण्याचे शब्द नीट कळत नाहीत. जाड गालिचा घालू का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : गालिचा घाला, पण आधी स्पीकर उचला. जमीन आणि दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात खालचे सूर फुगतात. ते गालिच्याने कमी होत नाहीत. तो फक्त वरचे सूर शोषतो. नुसता गालिचा घातलात, तर घुमणं आणखीच उठून दिसेल.

६० ते ७० सेंमी उंचीचा, न डुगडुगणारा स्टँड घ्या. ट्वीटर, म्हणजे खोक्यातला वरचे सूर वाजवणारा छोटा गोल भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे साधारण ९० ते १०० सेंमीवर यायला हवा. मागची भिंत ४० सेंमी, बाजूची किमान ६० सेंमी दूर ठेवा. दोन्ही अंतरं सारखी नकोत, नाहीतर भिंतींचा त्रास एकाच सुरावर एकवटतो. खोक्याला मागे भोक असेल आणि तरीही घुमत असेल, तर त्यात पायमोजा सैल कोंबून पाहा.

आता फरशी. नेहमीच्या जागी बसा आणि कुणाला तरी समोरच्या फरशीवर आरसा सरकवायला सांगा. ट्वीटर जिथे दिसेल तिथून आवाज उसळून कानाशी येतो. दोन्ही स्पीकरचे ते ठिपके झाकले की पुरे. महागडा गालिचा कशाला? आपल्याकडचं लोकरीचं घोंगडं दुपदरी अंथरा. पातळ सतरंजीचा मात्र फारसा उपयोग होत नाही.